लाल दोऱ्याची अकरा झुडपं

भवरकुंडीच्या कॉफीच्या बागेत गुन्हा घडत होता, आणि तोही दिवसाढवळ्या. हिरव्या फळाच्या बुडाशी, बरोब्बर बेंबीत, सुईनं टोचावं तसं एक भोक दिसायचं. फळ फोडलं की आतल्या बीचा नुसता भुसा. आज या झुडपावर पाच, उद्या त्या झुडपावर पंधरा. भोकं सगळ्यांना दिसत होती, पण ती पाडणारा कुठून येतो ते कुणाला कळत नव्हतं.

अकरा वर्षांच्या शेवंती येवलेनं मात्र तपास जवळजवळ पुरा केला होता. वहीच्या मागच्या पानावर तिनं संशयितांची यादी लिहिली होती. पहिलं नाव टिपणीस, दुसरं पोफळेबाई. तिसऱ्या नावाची तिला गरजच वाटली नव्हती.

टिपणीस हा माणूस नव्हता, बरं का. तो होता यंत्रमानव. खरं म्हणजे यंत्रबकरा म्हणायला हवं, कारण त्याला पाय चार होते, उंची बकरीएवढी आणि लांब मानेच्या टोकाला एकच डोळा. दिसेल ते टिपून ठेवायची त्याला खोड, म्हणून बागेतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी परतवाड्याहून येणाऱ्या उडत्या बसमधून तो खाली उतरला आणि त्याच्यामागून उतरल्या डॉक्टर हेमलता पोफळे. त्या होत्या कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणाऱ्या). चिखलदऱ्याच्या डोंगरातली ही बाग बारा घरांची सामाईक होती, आणि कीड कुठून येते ते शोधून द्या म्हणून त्या बारा घरांनीच बाईंना बोलावलं होतं. पण बाईंच्या गुडघ्यांनी चढउताराच्या कामाचा राजीनामा देऊन टाकलेला! त्या तंबूत बसायच्या आणि बाग पालथी घालायचा टिपणीस.

आणि हे दोघं आल्यापासून भोकं वाढली होती. आता बोला!

शेवंतीला घाई होती, कारण शनिवारी झाडं तुटणार होती. कॉफीच्या झुडपांवर सावली धरून उभी असलेली अकरा मोठी झाडं, कुठे बेहडा, कुठे उंबर, कुठे जांभूळ. बागेचे अध्यक्ष खडकेकाका म्हणत, "कीड सावलीतच जास्त हाय. झाडं काढा, ऊन येऊ द्या, किडे पळतीन." करवतवाल्यांना निरोपसुद्धा गेला होता. त्याच झाडांखाली शेवंतीच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, तिला चष्मेवाला, नाचण, रामगंगा अशा एकेका पाखराची ओळख करून दिली होती. आबा जाऊन दोन वर्षं झाली. झाडंही गेली तर आबांचं इथे काय उरणार?

बुधवारी सकाळी ती झुडपांआडून टिपणीसच्या मागावर निघाली. तो एका झुडपापाशी थांबला, इकडेतिकडे पाहिलं (निदान तिला तरी तसंच वाटलं), आणि पोटातून चिमटा काढून एका फांदीवर बारीक जाळीची पिशवी चढवू लागला. शेजारच्या फांदीला पिशवी नाही, तिला नुसती पिवळी चिठ्ठी. पलीकडच्या झुडपावर एक जुनी पिशवी होती. शेवंतीनं हळूच तिच्यात डोकावलं आणि तिचे डोळेच विस्फारले. आतल्या फळांवर भोकंच भोकं!

"सापडला चोर!" ती ओरडतच पुढे झाली. "काय करून राहिला रे तू? पिशवीत किडे पाळून राहिला ना?"

टिपणीसची मान तिच्याकडे वळली. "शुभ सकाळ, शेवंती येवले. वय अकरा, उंची एकशे छत्तीस सेंटिमीटर. गेल्या चार दिवसांत तू माझा सव्वीस वेळा पाठलाग केला आहेस. मी ते टिपून ठेवलं आहे."

"टिपून ठेव नाहीतर लोणचं घाल! मी बाबाले सांगन."

"अवश्य सांग. मीही सांगणार आहे. माझाही तुझ्यावर संशय आहे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या अशा! शेवंतीनं ती पिशवी फांदीसकट कडकन मोडली आणि पुरावा छातीशी धरून थेट तंबू गाठला.

तंबूत पोफळेबाई भिंगाखाली काहीतरी निरखत बसल्या होत्या. समोर शेवंतीचे बाबाही होते. त्यांचं नाव भानुदास, बागेची रोजची देखभाल तेच करत. शेवंतीनं फांदी टेबलावर आपटली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांनी कपाळाला हात लावला. "बाई, माफ करा. पोरगी जरा..."

"माफी कसली मागता? तिनं माझी एक फांदी मोडली, तेवढं वाईट झालं," बाई म्हणाल्या. "पण संशय अगदी योग्य जागी घेतला. ये गं, इकडे बैस. आधी गुन्हेगाराचं तोंड तर बघ."

शेवंतीनं नाखुशीनं भिंगाला डोळा लावला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, काळाकुळकुळीत, अंगावर बारीक केस असलेला किडा सहा पायांवर तुरुतुरु चालला होता.

"हा फळपोखर भुंगेरा," बाई सांगू लागल्या. "म्हणजे ही. मादी आहे ती. यांच्यात नराला उडता येत नाही, तो जन्मभर फळाच्या आतच राहतो. मादी उडत येते, फळाच्या बेंबीतून आत शिरते, बीमध्ये घर करते आणि तिथेच अंडी घालते. पिल्लं बी खातात. म्हणून बाहेरून औषध फवारलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. घराचं दार लावून बसलेल्या माणसावर अंगणातून पाणी मारलं तर तो भिजेल का? भिजतात ते बाहेरचे, म्हणजे मधमाश्या, कोळी, पाखरं."

"पण पिशवी काऊन बांधली?" शेवंतीचा संशय काही फिटला नव्हता.

"पिशवीची जाळी अशी आहे की भुंगेऱ्याला आतबाहेर करता येतं, पाखराला मात्र चोच घालता येत नाही. आता असं बघ. एकाच झुडपाच्या दोन फांद्या घ्यायच्या. उंची तीच, फळं तेवढीच, ऊनपाणी तेच. फरक ठेवायचा फक्त एक, एकीवर पाखरं येऊ शकतात, दुसरीवर नाही. उघडी ठेवलेली ती तुलनेची फांदी (जिच्याशी ताडून पाहायचं ती, म्हणून तिला हातही लावायचा नाही). मग दोन्हींचा निकाल वेगळा आला, तर त्याचा जाब त्या एका फरकाला विचारायचा. मोजून बघतेस?"

टिपणीसनं वीस जोड्यांचे आकडे पडद्यावर टाकले, पण यंत्रानं दिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवील ती शेवंती कसली! तिनं त्याला बरोबर घेतलं, बागेत जाऊन पाच जोड्या स्वतः मोजल्या आणि घामाघूम होऊन परत आली. उघड्या फांद्यांवर शंभर फळांत बारांना भोकं होती आणि पिशवीतल्या फांद्यांवर तेविसांना.

"म्हणजे..." ती बोटांवर हिशेब करू लागली. "पाखरं आली नाहीत की किडे वाढतात. म्हणजे पाखरं किडे खातात!"

"चष्मेवाला, नाचण, वटवट्या, हे सगळे कीटकभक्षी (किडे खाणारे). भुंगेरी फळात शिरायच्या आधी बाहेर फिरत असते ना, तेव्हाच ते तिला टिपतात. बिनपगारी पहारेकरी आहेत तुमच्या बागेचे. आणि पहारेकऱ्यांची घरं कुठे आहेत?"

"मोठ्या झाडांवर!" शेवंतीनं टाळी वाजवली. "मग झाडं तोडायची नाहीत ना, बाबा?"

तेवढ्यात तंबूच्या दारातून खडकेकाकांचा आवाज आला. ते केव्हाचे ऐकत उभे होते. काका माणूस वाईट नव्हता, पण बाराही घरांचं पोट या बागेवर आणि त्याचा घोर एकट्या त्यांच्या माथी. "पाखरांचं समजलं, बाई. पण तुमचाच नकाशा काय म्हणते ते सांगा की पोरीले."

बाईंचा चेहरा उतरला. टिपणीसनं नकाशा दाखवला. पंधरा दिवसांत त्यानं मोजलेलं प्रत्येक झुडूप त्यावर ठिपका होऊन बसलं होतं, कमी कीड तर हिरवा, जास्त तर लाल. आणि बहुतेक मोठ्या झाडांच्या भोवती लाल ठिपक्यांची रिंगणं. कुणी पायघड्या घालाव्या तसा पुरावा झाडांच्या दारापर्यंत जात होता.

"पाखरं तिथे, कोळी तिथे, सावलीत उन्हापेक्षा चार अंशांनी गारवा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ही सगळी मिळून एक परिसंस्था असते (एका जागी नांदणारे सगळे जीव आणि माती, पाणी, हवा यांच्याशी असलेलं त्यांचं देणंघेणं). त्यातलं एक झाड काढलं तर काय काय ढासळेल ते आधी मोजायला हवं. पण भानुदासराव, झाडाजवळ कीड जास्त आहे हे मी नाकारू शकत नाही. एवढंच म्हणते की ती झाडामुळे आहे, की झाडाजवळ असलेल्या दुसऱ्याच कशामुळे, ते मला ठाऊक नाही."

"म्हणजे काय?" शेवंतीनं विचारलं.

"समज, तू आणि तुझी चुलतबहीण रोज एकत्र स्वयंपाकघरात जाता आणि रोज डब्यातला गूळ कमी होतो. चोर कोण, हे कसं कळेल?"

"तीच असन," शेवंती ताबडतोब म्हणाली.

बाई हसल्या. "आणि ती तुझं नाव सांगेल. पण ती मामाकडे गेली आणि तरीही गूळ कमी झाला, तर? दोन संशयित कायम जोडीनं दिसत असतील तर त्यांना वेगळं करून पाहायचं. तसा दुसरा संशयित मला इथे सापडत नाही."

"मला सापडतो," टिपणीस म्हणाला. "नकाशावर अकरा ठिपके कोरे आहेत. बहुतेक मोठ्या झाडांजवळच आहेत. ती अकरा झुडपं मला मोजू दिलेली नाहीत. मला त्यांचा संशय आहे. त्यांच्या फांद्यांवर लाल दोरा आहे आणि तो दोरा शेवंती येवले बांधते."

बाबा म्हणाले, "अहो, ती पाखरांची झुडपं. तिकडे पाहू नको, असं मीच म्हटलं त्याले."

बाईंनी चष्मा काढला. "भानुदासराव, आल्या दिवशी मी विचारलं होतं की तोडणी झाल्यावर झुडपांवर फळं शिल्लक ठेवता का. तुम्ही सगळे म्हणालात, एकही नाही."

"मग खोटं काय बोललो? आमच्या झुडपावर एक दाणा राहत नाही. ती अकरा झुडपं आमची नाहीतच. पाखरांचा वाटा हाय तो. दिलेल्या वाट्याची मोजदाद कोण करते?"

ही भवरकुंडीची रीत होती. आबांनी ती घालून दिली होती. मोठ्या झाडावर पाखरं राहतात, तर त्या झाडाखालचं एक झुडूप त्यांचं. तोडणी सुरू व्हायच्या सकाळी त्याला लाल दोरा बांधायचा, मग त्याच्या फळाला कुणी हात लावायचा नाही. बुलबुल त्यातली चारदोन टोचत, बाकीची काळी पडून वाळत, गळत, तिथेच राहत. आबा गेले तेव्हापासून दोरा शेवंती बांधायची. जायच्या आदल्या दिवशी आबा तिचा हात धरून म्हणाले होते, "पाखरांचा वाटा चुकवू नको, बाई माह्ये."

"मला त्यातलं एक झुडूप बघू द्याल?" बाईंनी शेवंतीलाच विचारलं.

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की टिपणीस दोन पावलं मागे सरला. "आबांच्या झुडपांवर संशय घेता? मले वाटलंच होतं, तुमच्या मनात काहीतरी काळंबेरं हाय!" आणि ती तडक बाहेर पडली.

बाईंनी हट्ट धरला नाही. परवानगी नसेल तिथे मोजायचं नाही, असा टिपणीसचाही नियम होता.

गुरुवार तिनं फुरंगटून काढला. शुक्रवारी दुपारी, उद्या ही झाडं नसणार म्हणून, ती एकेका झाडाला भेटायला निघाली. शेवटचं झाड वरच्या टोकाचं उंबर. त्याच्या फांदीला आग्यामोहोळ लटकलेलं असायचं, म्हणून तिकडे कुणी रेंगाळत नसे. ती लांबूनच बसली आणि सवयीनं जवळच्या झुडपाची फळं उलटून बघू लागली. पंधरा दिवस भोकं मोजून मोजून हाताला चाळाच लागला होता तिच्या.

एकाही फळाला भोक नव्हतं. पुढच्या झुडपावर एक, त्याच्या पुढच्यावर पुन्हा शून्य. आता बघा गंमत, मोठं झाड इथेही होतं, सावलीही गर्द, मग किडे कुठे गेले?

आणि मग तिच्या लक्षात आलं. या उंबराखाली लाल दोऱ्याचं झुडूप नव्हतं. मोहोळाच्या भीतीनं आबांनीही इथे कधी दोरा बांधला नव्हता.

चुलतबहीण मामाकडे गेली होती आणि गूळ जागच्या जागी होता.

"छे! एवढ्यानं काय होते," ती स्वतःलाच म्हणाली, पण पाय आपोआप खालच्या बांधाकडे वळले. तिथलं जांभूळ गेल्या वर्षीच्या वादळात पडलं होतं. आधी मोठी झाडं बारा होती, त्याच्यामुळे अकरा राहिली. झाड गेलं तरी त्याच्याखालचं पाखरांचं झुडूप होतंच, आणि त्याला शेवंतीनं गेल्या तोडणीलाही दोरा बांधला होता. आता तिथे सावलीचा पत्ता नव्हता, टळटळीत ऊन होतं. खडकेकाकांच्या हिशेबानं तिथे एकही किडा नसायला हवा होता.

तिनं शेजारच्या झुडपाची फांदी उचलली आणि भोकं मोजली. वीस फळांत नऊ. चार झुडपं पुढे गेली तर विसांत चार. दहा झुडपं पुढे विसांत एक. लाल दोऱ्यापासून जसजसं लांब जावं तसतशी भोकं विरळ होत होती.

शेवंतीनं हातातली फांदी सोडून दिली. दोन आठवडे ती सगळ्या जगावर संशय घेत हिंडली होती, आणि दोरा होता तिच्याच हातचा. तिला रडूच फुटलं. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं, आबांची रीतही शाबूत राहिली असती. पण मग उद्या झाडं तुटणार. झाडांनी काहीच केलं नव्हतं, आणि तिला ते आता ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी करवतवाले आले. बाराही घरची माणसं बेहड्याखाली जमली. बाई टिपणीसच्या पाठीला धरून, कण्हत कण्हत, तिथवर चढून आल्या होत्या. खडकेकाकांनी खूण करायला हात वर केला.

"थांबा, काका!" शेवंती पुढे आली. बेहड्याखालच्या पाखरांच्या झुडपापाशी ती बसली आणि गाठ सोडू लागली. पावसानं आवळलेली गाठ लवकर सुटेना. बाबा दचकून म्हणाले, "शेवे, काय करून राहिली? आबाचा दोरा तो!"

"मी बांधला होता, मीच सोडते," ती म्हणाली. "टिपणीस, ये. मोज."

टिपणीसनं पानांआडून एक काळं, वाळकं फळ तोडलं, पांढऱ्या ताटलीत ठेवलं आणि चिमट्यानं दाबून फोडलं. ताटलीत जणू कुणी काळा राजगिरा सांडला, फक्त हा राजगिरा चालत होता! मोठी माणसंसुद्धा मागे सरली.

"चौसष्ट," टिपणीस म्हणाला. "एका फळात."

"या वाळक्या फळात इतके किडे जगले तरी कसे..." बाबा पुटपुटले.

"तोडणी झाल्यावर बागेत नवीन फळ येईपर्यंत चारपाच महिने जातात," बाई म्हणाल्या. "त्या दिवसांत भुंगेरीला खायला काही नसतं. तुम्ही सगळी फळं काढलीत तर ती उपाशी मरते. पण तिला अशी वाळकी फळं मिळाली, तर त्यात ती सुखानं दिवस काढते. पाऊस पडून गेला की बाहेर पडते आणि जवळचं हिरवं फळ गाठते."

खडकेकाका मान हलवत होते. "एका फळानं काय ठरते? सावलीनंच त्या फळात किडे वाढले नसतीन कशावरून?"

"बरोबर विचारलंत, काका," शेवंती म्हणाली. आपण खडकेकाकांना असं काही म्हणू, हे तिला स्वतःलाही खरं वाटलं नसतं. "चला माझ्यासंगं. दोनच जागा दाखवते."

सगळी वरात आधी मोहोळाच्या उंबराकडे गेली आणि मग पडलेल्या जांभळाकडे. झाड आहे पण दोरा नाही, तिथे टिपणीसनं शंभर फळं मोजली, भोकं दोन. दोरा आहे पण झाड नाही, तिथे शंभर मोजली, भोकं त्रेचाळीस. काकांनी त्याच्या मोजणीवर भरवसा न ठेवता खिशातून चष्मा काढला आणि स्वतः पुन्हा मोजली. मग ते पडलेल्या जांभळाच्या बुंध्यावर टेकले.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाले फाशी देत होतो मी," ते म्हणाले. आणि करवतवाल्यांकडे वळून, "चहा घ्या आणि जा बाप्पा. या वर्षी काही तोडायचं नाही. पुढच्या भाद्रपदात पुन्हा मोजू, मग काय ते ठरवू."

शेवंतीला आनंद व्हायला हवा होता. पण ती हातातल्या दोऱ्याकडे बघत होती. "बाई, आबा चुकले का?"

बाई तिच्याशेजारी, गुडघे सांभाळत, बसल्या. "तुझ्या आबांनी रीत घातली तेव्हा हा भुंगेरा या डोंगरात नव्हता. पाचेक वर्षांपूर्वी कुठल्यातरी पोत्यातून आला असेल. तेव्हा ती रीत पाखरांचं पोट भरत होती. आता तीच भुंगेऱ्याचं भरते. रीत तीच राहिली, बाग बदलली. म्हणून तर पुन्हा पुन्हा मोजायचं."

"आणि चूक माझीही होती," टिपणीस मध्येच म्हणाला. "माझ्या तक्त्यात प्रश्न होता, 'फळं शिल्लक आहेत का?' दिलेल्या फळांचा प्रश्नच नव्हता. मी आता तो घातला आहे. शिवाय तुझ्यावरचा संशय खरा ठरला, तेही टिपून ठेवलं आहे."

"फार शहाणा हायस!" शेवंती म्हणाली आणि रडता रडता हसली.

त्या आठवड्यात बाराही घरांनी मिळून अकरा झुडपांची वाळकी फळं वेचली. खाली गळलेलीसुद्धा एकेक उचलली आणि उकळत्या पाण्यात टाकली. तोडणीनंतर सगळी बाग पुन्हा विंचरून काढली. पाखरांसाठी पडलेल्या जांभळाच्या जागी नवं उंबर लावलं. उंबराच्या फळावर पाखरं तुटून पडतात आणि कॉफीच्या भुंगेऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

पुढच्या भाद्रपदात बाई पुन्हा आल्या आणि टिपणीसनं पुन्हा बाग पालथी घातली. मोठ्या झाडांभोवती शंभर फळांत चार भोकं निघाली. नकाशावर लाल रिंगण एकही नव्हतं, आणि कोरा ठिपकाही नव्हता. उघड्या फांद्या आणि पिशवीतल्या फांद्या यांच्यातला फरक मात्र होताच, कारण पाखरं कामावर हजर होती. खडकेकाकांनी चष्मा लावून, अर्थातच, पन्नास फळं स्वतः मोजली. मग सगळ्यांसमोर त्यांनी तोडणीच्या नोंदवहीतला झाडं तोडायचा ठराव आडवी रेघ मारून खोडला.

तोडणी सुरू व्हायच्या सकाळी शेवंती लाल दोरा घेऊन निघाली. टिपणीसनं मान ताठ केली आणि तो तिच्या मागोमाग संशयानं चालू लागला. ती एकाही झुडपापाशी थांबली नाही. बेहड्यापाशी गेली आणि त्याच्या भल्यामोठ्या बुंध्याला तिनं दोरा गुंडाळायला घेतला. एका हातानं जमेना, तेव्हा टिपणीसनं दुसरं टोक चिमट्यात धरलं.

"हा पाखरांचा वाटा का?" त्यानं विचारलं.

"हो. आता आख्खं झाडच त्यांचं."

"मग याची मोजणी करू नको, असं म्हणशील."

शेवंतीनं गाठ मारली, ओढून पक्की केली आणि वर पाहिलं. पानांत चष्मेवाल्यांचा थवा चिवचिवत किडे वेचत होता.

"मोज," ती म्हणाली. "आबाचा वाटा किती मोठा हाय, ते मले पाहायचं हाय."